यंत्राने रखवालदाराच्या बाजूनेही साक्ष द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या सुरक्षेवर आपल्या पानांत अधूनमधून लिहिलं जातं. सीसीटीव्ही किती, गेटवरचं ॲप कुठलं, एजन्सी कोणती, अशी चर्चा असते. रात्री खरोखर चालणाऱ्या माणसाबद्दल आणि त्याच्या चालण्याची नोंद ठेवणाऱ्या यंत्राबद्दल मात्र कोणी बोलताना दिसत नाही. त्या यंत्रामुळे आमच्या सोसायटीत एका माणसावर अन्याय झाला. तो यंत्राच्या आराखड्यातूनच आला होता, म्हणून हे पत्र. पत्र लांबेल, पण शक्य असल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी ऐरोलीत राहते. रबाळ्याच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात अठ्ठावीस वर्षं टेस्टिंगच्या बाकावर काम केलं. तयार झालेला बोर्ड माझ्यासमोर यायचा, त्यात काय बिघडलंय ते शोधायचं आणि परत पाठवायचं. निवृत्तीनंतर सोसायटीच्या कमिटीत आले. आमच्या चार विंग, प्रत्येकी सात मजले, मागच्या कंपाउंडपलीकडे खारफुटी आणि खाडी. रात्री आठ ते सकाळी आठ एकच रखवालदार. ते जालना जिल्ह्यातले, वय सत्तावन्न. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणते, मीही तेच म्हणते.

गेल्या वर्षी मे महिन्यात एजन्सीने राउंडची हजेरी लावणारं यंत्र आणलं. हाताएवढी धातूची दांडी, टोकाला पितळी बिंदू. आवारात चौदा ठिकाणी भिंतीवर गोल पोलादी बटणं बसवली: चार गच्च्या, चार मीटर रूम, पंप रूम, मागचं गेट, बाग, ट्रान्सफॉर्मरकडची भिंत, सोसायटीचं ऑफिस आणि खाडीकडचा कोपरा. मामांनी रात्री सहा राउंड मारायचे आणि प्रत्येक बटणाला दांडीचं टोक लावायचं. पंधरा दिवसांनी सुपरवायझर येऊन दांडी घेऊन जायचा, एजन्सीच्या कॉम्प्युटरला जोडायचा आणि एक तक्ता काढायचा. लागलेलं बटण हिरवं, चुकलेलं लाल.

जुलैच्या तक्त्यात पंप रूमसमोर लाल घरं आली. अकरा रात्री, एकोणीस राउंड. रात्रीला शंभर याप्रमाणे अकराशे रुपये मामांच्या पगारातून कापले गेले. त्याहून वाईट म्हणजे त्या तक्त्याचा फोटो कोणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ‘आपण झोपतो तेव्हा हेही झोपतात’ असं खाली लिहिलं होतं. त्यावर अंगठे आले, हसरे चेहरे आले. मामांची मुलगी आमच्याच इमारतीत दोन घरी स्वयंपाक करते. तिला तो फोटो एका ताईंनी दाखवला.

मामा माझ्याकडे आले ते पैशासाठी नाही. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, “ताई, म्या रोज लावलंय. पंपाच्या खोलीपाशी पाऊस असतो म्हणून छत्री काखंत धरून लावलंय. तुम्ही मशिनीतलं जाणता, एकदा बघा.”

त्याच रात्री मी त्यांच्याबरोबर राउंडला निघाले. वही, पेन आणि मोबाइलचं घड्याळ बरोबर घेतलं. बारा वाजता निघालो आणि गेटवर परत आलो तेव्हा बारा बेचाळीस झाले होते. बेचाळीस मिनिटं. वीज वाचवायची म्हणून आमच्या लिफ्ट रात्री बंद असतात. एका मजल्याला अठरा पायऱ्या. सात मजले म्हणजे १२६, चार विंग म्हणजे ५०४, आणि सहा राउंड धरले तर ३,०२४ पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. सी विंगच्या गच्चीवर पोहोचेपर्यंत मी कठडा धरून उभी राहिले. मामा माझ्यासाठी थांबले. सत्तावन्न वर्षांच्या माणसाकडून आपण रोज रात्री हे मागतो आहोत, हे आमच्या कमिटीतल्या कोणीही कधी पायऱ्या मोजून पाहिलं नव्हतं. मीही नाही.

पंप रूमपाशी आलो. मामांच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्यात दांडी, काठी बगलेत, छत्री मानेत अडकवलेली. त्यांनी दांडी बटणाला लावली आणि पुढे निघाले. मी विचारलं, “लागलं हे कसं कळलं?” ते म्हणाले, “लावलं म्हंजी लागलं की.” दांडी हातात घेऊन उलटी केली तर बीपच्या भोकावर तपकिरी चिकटपट्टी. मे महिन्यातच पहिल्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने तक्रार केली होती की रात्री दोनला बीप वाजली की तान्हं बाळ उठतं. तक्रार रास्त होती. सुपरवायझरने चिकटपट्टी लावून ती मिटवली. त्या दिवसापासून नोंद झाली की नाही, हे यंत्र मामांना सांगतच नव्हतं. ते फक्त पंधरा दिवसांनी एजन्सीच्या ऑफिसला सांगत होतं.

मी पट्टी काढली आणि त्याच बटणाला वीस वेळा टोक लावलं. सहा वेळा बीप वाजली.

इथे यंत्राचं काम थोडं समजून घ्यायला हवं, कारण सोसायट्यांच्या कमिट्या याच मुद्द्यावर फसतात. त्या पोलादी बटणात बॅटरी नसते. १६ मिलिमीटर व्यासाच्या डबीत एक छोटी चिप असते आणि तिला कारखान्यातच जगात दुसऱ्या कोणाला नसलेला क्रमांक दिलेला असतो. टोक टेकलं की यंत्र एक ठोका पाठवतं आणि बटण उलट ठोका देतं, ‘मी आहे’. मग बटण एकाच तारेवरून ६४ बिट पाठवतं. त्यातले आठ बिट बटणाचा प्रकार सांगणारे, अठ्ठेचाळीस क्रमांकाचे आणि शेवटचे आठ पडताळणीचे. यंत्र आधीच्या छप्पन बिटांवरून स्वतः पडताळणी काढतं आणि आलेल्या आठ बिटांशी ताडून बघतं. जुळलं तर नोंद होते. हात हलला, मध्ये धूळ आली, संपर्क क्षणभर तुटला, तर जुळत नाही. मग आमच्या दांडीतलं यंत्र ते सगळं टाकून देत होतं, गुपचूप. माणूस तिथे आला होता, त्याने टोक टेकवलं होतं, बटणाने ‘मी आहे’ म्हटलंही होतं, पण तक्त्यात त्याचा मागमूस नाही. ‘आला पण वाचता आलं नाही’ आणि ‘आलाच नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टींना त्या तक्त्यात एकच लाल रंग होता.

पंप रूमच्याच बटणाचं असं का, हे सकाळी उजेडात कळलं. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून तिथे पाणी उडतं. बटणावर पांढुरका, नखाने खरवडला तर निघेल असा थर बसला होता. आणि दांडीच्या पितळी टोकावर हिरवट डाग. खाडीकाठच्या घरांना हे नवं नाही. आमच्या देव्हाऱ्यातली समई घासली तरी आठवड्यात काळवंडते. मी नातवाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, दोन्ही पृष्ठभाग चोळले आणि पुन्हा वीस वेळा टोक लावलं. विसाच्या वीस वेळा वाचलं. अकराशे रुपये आणि एका माणसाची अब्रू खोडरबराने निघणाऱ्या थरापायी गेली होती.

एक गोष्ट अजून सापडली. माझ्या वहीतल्या वेळा आणि यंत्रातल्या वेळा जुळेनात. यंत्र एकोणीस मिनिटं मागे होतं. कारण असं निघालं की दांडी कॉम्प्युटरला जोडली की ती स्वतःचं घड्याळ त्या कॉम्प्युटरवरून लावून घेते, आणि एजन्सीच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरचंच घड्याळ मागे पडलेलं होतं. मामा बाराला निघाले की तक्ता म्हणायचा अकरा एक्केचाळीस, ‘वेळेआधी’. त्यावरही एक ताकीद लिहून ठेवलेली होती.

मी हे सगळं कागदावर मांडून कमिटीपुढे ठेवलं. एजन्सीने पैसे परत द्यायला नकार दिला, तेव्हा कमिटीने सोसायटीच्या निधीतून अकराशे रुपये द्यायचं ठरवलं. पाकीट द्यायला मी खाली गेले. मामा म्हणाले, “पैशाचं राहू द्या ताई. ग्रुपवरचं ते लाल पान काढाय सांगा.” आता ते काढणार कसं? सत्तर फोनांत ते उतरलेलं. आम्ही ग्रुपवर खुलासा टाकला, गेटवरच्या फळ्यावर मराठी आणि हिंदीत कागद लावला, अध्यक्षांनी सही केली. कागद महिनाभर होता. किती जणांनी वाचला सांगता येत नाही.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात रात्रीचे पहारेकरी होते. त्यांच्या खांद्याला चामड्याच्या पिशवीत एक जड गोल घड्याळ असायचं. कारखान्याच्या प्रत्येक कोपऱ्यात साखळीला बांधलेली एकेक किल्ली. ती घड्याळात घालून फिरवली की आतल्या कागदाच्या चकतीवर त्या किल्लीचा ठसा उठायचा. जर्मनीत योहानेस ब्युर्क यांनी असं बरोबर नेता येणारं घड्याळ १८५५ साली काढलं, म्हणजे रखवालदाराची फेरी तपासायची कल्पना काही आजची नाही. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं की आत काय होतं ते दिसत नाही, मग ठसा उठला हे कसं समजतं? त्यांनी माझा हात घड्याळावर ठेवून किल्ली फिरवली. बोटांना आतून ‘कट्’ असा धक्का बसला. ठसा उठला की तो बसतोच, आणि नाही बसला तर पुन्हा किल्ली फिरवायची. त्या घड्याळाने पहारेकऱ्याला त्याच जागी, त्याच क्षणी सांगितलेलं असायचं. आमच्या दांडीत इतकी वर्षं पुढची चिप होती आणि एवढं एक काम ती करत नव्हती.

म्हणून मी ठरवलं की आपल्या सोसायटीपुरतं यंत्र स्वतःच बनवायचं. कमिटीने खर्चाला मंजुरी दिली. सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं. दिवाळीपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डरिंगचा वास होता.

पहिला प्रश्न होता की वाचायचं काय. क्यूआर कोड सगळ्यांत स्वस्त, पण त्याचा फोटो काढून खुर्चीत बसून चौदाही ठिकाणं स्कॅन करता येतात. मोबाइलच्या जीपीएसवर चालणारी ॲप अनेक एजन्सी विकतात. पण मीटर रूममध्ये नि बेसमेंटमध्ये आकाशच दिसत नाही, आणि जीपीएसची चूक सहज पाच-दहा मीटर असते. माणूस तळमजल्यावर आहे की सातव्या मजल्याच्या गच्चीवर, याचा त्यावरून भरवसा देता येत नाही. शिवाय मोबाइल रखवालदाराचा, डेटा पॅक त्याच्या पैशाचा, हेही मला पटत नाही. १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या गोल चकत्या थोड्या अंतरावरूनच वाचल्या जातात, संपर्क लागत नाही, गंज येत नाही. पण त्यांची नक्कल करणारं यंत्र बाजारात सहज मिळतं, आणि लोखंडी दारावर चिकटवल्या तर त्या नीट वाचल्या जात नाहीत. १३.५६ मेगाहर्ट्झच्या एनएफसी चकत्यांत (कार्ड किंवा मोबाइल नुसता जवळ नेऊन पैसे देतो, तेच तंत्र) आता अशा चिप येतात की दर स्पर्शाला गुप्त किल्लीने नवा संकेत तयार होतो, त्यामुळे जुना संकेत साठवून उपयोग नाही. बँका किंवा गोदामांसाठी त्या योग्य. आम्हाला नक्कल होण्याची भीती नव्हती, पाणी आणि मीठ यांची होती. मी शेवटी लोखंडावर चालणाऱ्या, पाठीला फेराइटचा, म्हणजे लोखंडाचा अडथळा रोखणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा, थर असलेल्या साध्या एनएफसी चकत्या घेतल्या आणि त्या प्लास्टिकच्या डबीत बंद केल्या. पंप रूमची चकती पाइपापासून चार फूट लांब, आतल्या भिंतीवर नेली.

वाचणारा भाग भिंतीवर आणि कार्ड रखवालदाराकडे, असाही विचार केला. पण मग चौदा ठिकाणी वायर ओढायची, चौदा ठिकाणी पावसापासून वाचवायचं. यंत्र माणसाकडे आणि चकती भिंतीवर हेच सोयीचं. मात्र त्या रात्रीची छत्री, टॉर्च, काठी आणि दांडी माझ्या डोळ्यांसमोर होती. माणसाला हात दोनच. मग वाचणारा डबा मी टॉर्चच्याच पाठीला पक्का केला, बॅटरी मात्र वेगळी ठेवली. टॉर्च तर रात्रभर हातात असतेच. चकतीजवळ टॉर्चची पाठ नेली की झालं.

चकती वाचली गेली की डबा एकदा लांब थरथरतो आणि हिरवा दिवा लागतो. अर्धवट वाचली तर दोनदा तुटक थरथरतो. मोबाइलमध्ये असते तशी छोटी मोटर, पन्नास रुपयांच्या आतली. बाळ उठत नाही. पहिल्या रात्री मामांनी टॉर्च चकतीला लावली आणि हाताकडे बघत राहिले. मग मलाच म्हणाले, “हां, आता बोललं बघा.”

घड्याळासाठी डीएस३२३१ नावाची चिप घेतली. साध्या घड्याळाच्या चिपमधला ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक थंडी-उन्हाने थोडा मागेपुढे होतो. दहा लाखांत वीस भागांची चूक म्हटली तरी महिन्याला पाऊण-एक मिनिट जातं. ही चिप स्वतःचं तापमान मोजून चूक भरून काढते, त्यामुळे वर्षाला जास्तीत जास्त मिनिटभर फरक पडतो. आणि माझ्या यंत्रात वेळ बदलली की जुनी वेळ, नवी वेळ आणि बदलल्याचा दिवस ही वेगळी नोंद होते. ती पुसता येत नाही.

नोंदी ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये राहतात. एका नोंदीला आठ बाइट: चार वेळेचे, एक ठिकाणाचा, एक माणसाचा, एक प्रकाराचा, एक पडताळणीचा. म्हणजे ४,०९६ नोंदी. वीज गेली तरी त्या जात नाहीत. तो ‘प्रकाराचा’ एक बाइट मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वाचलं, अर्धवट वाचलं, बॅटरी उतरली, घड्याळ बदललं, हे सगळं त्यात येतं. ‘आला पण वाचता आलं नाही’ याला आमच्या तक्त्यात आता पिवळा रंग आहे, आणि पिवळं घर दिसलं की आधी चकती तपासायची, माणसाला विचारायचं ते नंतर, असा कमिटीचा लेखी ठराव आहे.

कामचुकारपणा होतच नाही असं मी म्हणत नाही. एका ओळखीच्या सोसायटीत रखवालदाराने सगळी बटणं भिंतीवरून काढून केबिनमधल्या डब्यात ठेवली होती आणि तो बसल्या जागी राउंड पूर्ण करत होता. पण ते पकडायला महागडं काही लागत नाही. मी आणि मामा प्रत्येक दोन ठिकाणांमधलं अंतर घड्याळ लावून चाललो. ए विंगच्या गच्चीवरून पंप रूमला यायला कितीही घाई केली तरी साडेतीन मिनिटं लागतात. दोन नोंदी दहा सेकंदांच्या अंतराने आल्या तर त्या खऱ्या नाहीत, एवढं तक्ता स्वतःच सांगतो. उलट, राउंडची वेळ आणि क्रम घट्ट बांधून ठेवू नये, असं मी आग्रहाने सुचवेन. रोज बाराला गेट, बारा दहाला बाग, हे चोरालाही पाठ होतं. आम्ही दोन तासांत एक राउंड, कुठूनही सुरू करा, असं ठेवलं आहे.

गच्चीवरच्या फेऱ्याही कमी केल्या, म्हणजे पायऱ्या कमी केल्या. खालची दहा ठिकाणं सहा वेळा, गच्च्या रात्रीतून दोनदाच. रात्रीच्या नोंदी चौऱ्याऐंशीवरून अडुसष्टवर आल्या. पूर्वीच्या हिशोबाने बेचाळीस मिनिटांचे सहा राउंड म्हणजे रात्रीतले चार तास बारा मिनिटं गेटवर कोणी नसायचं. सुरक्षा वाढावी म्हणून आणलेल्या यंत्राने गेट रिकामं ठेवलं होतं.

डब्यावर मी एक लाल बटणही दिलं आहे. एखाद्या ठिकाणी काही वेगळं दिसलं तर चकती वाचल्यावर ते दाबायचं. माणूस तिथे गेला हे यंत्र सांगतं, त्याने तिथे पाहिलं का हे सांगत नाही, आणि मला पाहिलेलं हवं होतं. पहिल्याच आठवड्यात मामांनी ते पाच वेळा दाबलं. बी विंगच्या गच्चीचं कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. टाकीचा बॉलकॉक अडकून पाणी वाहत होतं. मागच्या गेटचा दिवा गेलेला. बागेतल्या घसरगुंडीचा पत्रा उचकटलेला. आणि डी विंगच्या मीटर रूममध्ये करपल्याचा वास. सकाळी इलेक्ट्रिशियनने पाहिलं तर मुख्य केबलच्या टोकाचा जोड (लग) सैल होऊन काळा पडला होता. तो त्याने बदलला. त्या विंगमध्ये अठ्ठावीस घरं आहेत. ही नोंद मी ग्रुपवर टाकली, मामांचं नाव घालून, त्यांना विचारून.

आता कायद्याबद्दल थोडं. महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यासाठी १९८१ पासून अधिनियम आहे, आणि एजन्सींसाठी देशभराचा २००५ चा कायदा आहे. दंडाचं म्हणाल तर १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून एक तत्त्व चालत आलं आहे, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते ठेवलेलं आहे: कामगाराला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय दंड करू नये, आणि एका वेतनकाळातला दंड वेतनाच्या तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये. मामांचा पगार चौदा हजार. तीन टक्के म्हणजे चारशे वीस. त्यांचे अकराशे कापले गेले, तेही न विचारता, आणि आम्ही कमिटीवाले त्या तक्त्यावर सही करून मोकळे झालो होतो. त्या सह्यांत माझीही सही होती. सही करताना मी टेस्टिंगच्या बाकावर अठ्ठावीस वर्षं बसलेली बाई होते आणि तरी मी विचारलं नाही की हे लाल घर कशावरून लाल झालं.

घोडबंदर रोडपासून उलव्यापर्यंत नवे टॉवर उभे राहताहेत आणि प्रत्येक ठिकाणी अशी यंत्रं येताहेत. माझी सगळ्या कमिट्यांना हात जोडून विनंती आहे. यंत्र घेण्याआधी विक्रेत्याला विचारा की नोंद झाली नाही तर ते चालणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे कसं कळतं. चुकलेला स्पर्श साठवला जातो का, ते त्याला समोर करून दाखवायला सांगा. एकदा स्वतः रात्री पूर्ण राउंड चाला, सगळ्या मजल्यांवर. महिन्याचा तक्ता आधी रखवालदाराला दाखवा, त्याची सही किंवा अंगठा घ्या, त्याला जे म्हणायचं ते त्याच कागदावर त्याच्या भाषेत लिहून घ्या, मग तो कमिटीपुढे येऊ द्या. आणि कोणाच्याही नावाचा तक्ता ग्रुपवर टाकू नका.

सुरक्षा रक्षक मंडळाने आणि एजन्सींच्या संघटनांनीही अशा यंत्रांसाठी किमान अटी ठरवाव्यात, असं मला वाटतं. भाजीच्या दुकानातल्या तराजूवर वजनमापे विभागाचा शिक्का लागतो, कारण त्यावर गिऱ्हाइकाचे पैसे ठरतात. रखवालदाराचा पगार ज्या यंत्रावर ठरतो, त्याच्या घड्याळाची आणि वाचनाची वर्षातून एकदा तरी कोणीतरी तपासणी करायला हवी. तो तपासणीचा कागद त्याच्या केबिनमध्ये लावलेला असावा.

माझ्या यंत्राचा सर्किटचा आराखडा, सामानाची यादी आणि तक्ता काढणारा प्रोग्रॅम मी कोणत्याही सोसायटीला मोफत द्यायला तयार आहे. आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास मी स्वतः येऊन बसवून देईन, फक्त त्या रात्री मला त्यांच्या रखवालदाराबरोबर एक राउंड चालू द्यावा. यंदा पावसाआधी चौदाही चकत्यांच्या डब्या उघडून आतला रबराचा पट्टा बदलायचा आहे. मामांनी त्यासाठी पुढच्या रविवारची सकाळ ठरवली आहे, पाळी संपल्यावर लगेच.

आमची सोसायटी आणि मामा ओळखले जाऊ नयेत म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त टेस्टिंग तंत्रज्ञ
ऐरोली, नवी मुंबई